एकट्या डीएनए रेणूवर हेलिकेज पाहायचं असेल तर: यंत्र, पुरावा आणि वेगांतला फरक

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हेलिकेज वर्गातलं, म्हणजे डीएनएचे दोन धागे सोडवणारं, एक एन्झाइम शुद्ध करून झालं आहे. जेलवर, म्हणजे असंख्य रेणूंचं काम एकदम दाखवणाऱ्या नेहमीच्या चाचणीत, ते हे काम करताना स्पष्ट दिसतं. आता तेच काम एकेका डीएनए रेणूवर पाहायचं आहे. त्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं? नोंदीत दिसणारं काम एकाच एन्झाइम रेणूचं आहे हे कसं दाखवावं? आणि सुरुवातीच्या नोंदींत वेग दुप्पट-तिप्पट वेगळे येत आहेत, तो गोंगाट समजून सरासरी काढून टाकावी का?

या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत मोलाचा आहे आणि त्याचं उत्तर पहिल्या दोघांवर उभं आहे. म्हणून क्रमानेच जाऊ.

यंत्राचा विचार करण्याआधी एन्झाइममुळे डीएनएत मोजता येण्याजोगं काय बदलतं ते ठरवा. लांबी बदलते, पीळ बदलतो, धागा तुटतो, की डीएनए जसाच्या तसा राहून एन्झाइमची त्यावरची जागा तेवढी बदलते? हे नक्की झालं की यंत्राची निवड जवळजवळ होऊनच जाते. उलट क्रमाने गेलेले, म्हणजे शेजारच्या खोलीत जे यंत्र रिकामं आहे त्यावर प्रयोग बसवायला निघालेले विद्यार्थी मी बरेच पाहिले आहेत. मोजायची गोष्ट त्या यंत्राच्या आवाक्यात नाही हे त्यांना फार उशिरा कळतं.

आवाक्याचा अंदाज आकड्यांनी घ्या. दुपेडी डीएनएत एक बेसजोडी 0.34 नॅनोमीटर जागा घेते. प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाला एकमेकांपासून 200 ते 250 नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. एवढ्या अंतरात 600 ते 700 बेसजोड्या मावतात. म्हणजे एन्झाइमचं पाऊल थेट दिसणार नाही. मात्र एकाच ठिपक्याचा मध्य कुठे आहे हे नॅनोमीटरपर्यंत काढता येतं, कारण तिथे दोन वस्तू वेगळ्या ओळखायच्या नसतात. डीएनएचं एक टोक काचेला आणि दुसरं टोक सूक्ष्म मण्याला बांधायचं आणि मण्याच्या मध्यावर नजर ठेवायची, ही युक्ती याच फरकावर चालते. 1991 साली शेफर, गेलेस, शीट्झ आणि लँडिक यांनी आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम, काचेवर धरून ठेवलं आणि डीएनएच्या टोकाला सोन्याचा सूक्ष्म कण लावला. पॉलिमरेज डीएनए ओढत गेलं तसा त्या कणाच्या थरथरण्याचा घेर बदलत गेला, आणि त्यावरून एकेका पॉलिमरेजचा वेग मोजता आला. पुढे 2005 साली स्टीव्हन ब्लॉक यांच्या गटाने प्रकाशचिमट्याने, म्हणजे लेझरच्या किरणाने मणी धरणाऱ्या यंत्राने, याच एन्झाइमची एकेका बेसजोडीची पावलं वेगळी दाखवली. त्यासाठी त्यांना लेझरचा मार्ग बंदिस्त करून त्यात हेलियम भरावा लागला. हवेच्या घनतेतल्या किरकोळ चढउतारांनीही किरण हलत होता, आणि शोधायची हालचाल त्या हलण्याएवढीच लहान होती.

या प्रयोगांतून एक सूत्र निघतं. प्रत्येक चांगल्या मांडणीत एन्झाइमची लहान कृती डीएनएच्या मोठ्या बदलात रूपांतरित केलेली असते. पिळाचं उदाहरण सगळ्यांत सुरेख आहे. चुंबकी चिमट्यात डीएनएच्या टोकाचा मणी चुंबकी असतो, त्यामुळे दोन्ही टोकांनी पक्का बांधलेला डीएनए चुंबक फिरवून पिळता येतो. ताण कमी असेल तर पीळ वाढला की त्याच्या गुंडाळ्या होतात आणि एका फेऱ्यामागे लांबी साधारण 50 नॅनोमीटरने घटते. नेमका आकडा बलावर अवलंबून असतो. आता दुसऱ्या प्रकारचं टोपोआयसोमरेज सोडा. ते एक दुपेडी धागा दुसऱ्यातून पार करून देतं आणि प्रत्येक फेरीत दोन वळणं एकदम काढतं. मणी एका झटक्यात जवळजवळ 100 नॅनोमीटर वर येतो. स्ट्रिक, क्रोकेट आणि बेन्सिमोन यांनी 2000 साली हे एकेका फेरीसाठी दाखवलं. आरएनए पॉलिमरेज प्रमोटरपाशी, म्हणजे जनुकाच्या सुरुवातीच्या खुणेपाशी, डीएनए उघडतं तेव्हा जेमतेम एका वळणाएवढा पीळ सुटतो, आणि तोही याच युक्तीने दिसला. एन्झाइमची कृती दोन-चार नॅनोमीटरच्या आत घडते आणि डीएनए ती कितीतरी पटींनी मोठी करून दाखवतो.

डीएनए बदलत नाही आणि एन्झाइमची जागाच बदलते, तेव्हा मात्र एन्झाइमला चमकता रंग जोडून ताणलेल्या डीएनएवर त्याचा ठिपका पाहावा लागतो. तुमच्या प्रश्नात हे नाही, पण या क्षेत्रातला एक जुना आणि देखणा प्रश्न इथलाच आहे. लॅक रिप्रेसर हे जनुक बंद ठेवणारं प्रथिन. तो डीएनएवरची आपली जागा इतक्या लवकर शोधतो की पाण्यात नुसतं भटकून ते शक्य नाही, असं 1970 साली रिग्ज, बूर्जुआ आणि कोन यांच्या मोजमापांत दिसलं होतं. डीएनएवर कुठेही बसायचं आणि तिथून दोन्ही दिशांना घसरत शोधायचं, हे त्याचं स्पष्टीकरण पुढे बर्ग, विंटर आणि फॉन हिपेल यांनी सिद्धान्तात नीट मांडलं. एकेका रेणूच्या प्रयोगांत ते घसरणं प्रत्यक्ष पाहायला मिळालं. तिथे एक साधी परीक्षा उपयोगी पडते. मिठाचं प्रमाण वाढवलं की एन्झाइम डीएनएवर कमी वेळ टिकतं. ते सतत चिकटून घसरत असेल तर घसरण्याची गती मात्र फारशी बदलत नाही. लहान उड्या मारत जात असेल तर मीठ वाढेल तशी तीही वाढते.

आता तुमचं हेलिकेज. ते दुपेडी डीएनएचं एकपेडी डीएनए करतं, म्हणून लांबीतला बदल मोजणं स्वाभाविक वाटतं. इथे एक सापळा आहे. सुमारे 6 पिकोन्यूटन (पिकोन्यूटन हे बलाचं अतिशय लहान एकक) ताणाला एकपेडी आणि दुपेडी डीएनएची लांबी सारखीच भरते. त्याखाली एकपेडी धागा गोळा होतो आणि आखूड पडतो, त्यावर तो लांब होतो. तुम्ही नेमक्या 6 च्या आसपास काम करत असाल तर एन्झाइम जोरात चालू असूनही नोंद सपाट येईल. पॉलिमरेज आणि एक्सोन्यूक्लिएजच्या (धागा टोकाकडून खाणाऱ्या एन्झाइमच्या) प्रयोगांतही हाच हिशेब धरावा लागतो.

म्हणून माझा सल्ला हेअरपिनचा आणि चुंबकी चिमट्याचा. काही शे बेसजोड्यांचा हेअरपिन, म्हणजे एकच धागा स्वतःवर दुमडून जुळलेला डीएनए, घ्या. त्याच्या दोन पायांपैकी एक काचेला आणि एक चुंबकी मण्याला बांधा. 15 पिकोन्यूटनच्या आसपास असा हेअरपिन नुसत्या ओढीने उघडतो. त्याच्या बऱ्याच खाली, समजा 8 ते 10 वर ठेवलं तर तो बंद राहतो. हेलिकेज एक बेसजोडी सोडवतं तेव्हा एकपेडी धाग्याचे दोन एकक मोकळे होतात आणि या ताणाला मणी जवळजवळ 0.8 ते 0.9 नॅनोमीटर वर सरकतो. म्हणजे साध्या बेसजोडीच्या लांबीपेक्षा दुपटीहून जास्त संकेत मिळतो. शिवाय एकाच घटनेत तीन गोष्टी वाचता येतात. चढता उतार धागे सोडवण्याचा वेग सांगतो. एन्झाइम हेअरपिनच्या टोकावरून पलीकडे गेलं की ते एकपेडी धाग्यावर नुसतं चालत राहतं आणि त्याच्या मागे हेअरपिन मिटत येतो, त्यामुळे उतरता भाग चालण्याचा वेग सांगतो. मध्येच लांबी एकदम कोसळली तर एन्झाइम सुटलं असं समजायचं, आणि तोवर त्याने एका दमात किती बेसजोड्या सोडवल्या हे तिथेच कळतं. आणखी एक सोय म्हणजे हेअरपिन पुन्हा मिटल्यावर तोच डीएनए पुढच्या एन्झाइमसाठी तयार असतो. शेवटच्या प्रश्नाला हीच सोय सर्वांत जास्त उपयोगी पडणार आहे.

प्रकाशचिमटा वेळ आणि अंतर यांची जास्त बारीक मोजणी देतो, पण साधारणपणे एका वेळी एकच रेणू हाताळतो. चुंबकी चिमट्यात एकाच दृश्यात डझनावारी मणी मोजता येतात. पावलाचा आकार शोधायचा असेल तर प्रकाशचिमटा घ्या. रेणूरेणूंतला फरक शोधायचा असेल तर संख्या हवी, तेव्हा चुंबकी चिमटा. फ्रेट म्हणजे दोन रंगांमधलं ऊर्जेचं हस्तांतरण 2 ते 10 नॅनोमीटरच्या पट्ट्यात फार संवेदनशील असतं, कारण ते अंतराच्या सहाव्या घाताने घटतं. एन्झाइमचा आकार कधी उघडतो, कधी मिटतो हे पाहायला त्याच्यासारखं काही नाही. लांब अंतर चालणाऱ्या हेलिकेजचा वेग मोजायला मात्र तो पट्टा तोकडा पडतो. रंग लावलेल्या एन्झाइमची आणखी एक अडचण सुरुवातीलाच लक्षात घ्या. एक फेम्टोलिटर आकारमानात 1 नॅनोमोलर द्रावणाचे सरासरी 0.6 रेणू असतात. सूक्ष्मदर्शकाला एका ठिपक्यात जवळपास एवढंच आकारमान दिसतं. म्हणून काही नॅनोमोलरच्या वर गेलात की पार्श्वभूमीच्या उजेडात एकटा रेणू हरवतो. तुमच्या एन्झाइमचं बंधन त्याहून सैल असेल तर बिनारंगाची, मण्याची पद्धतच बरी.

ताण हा नुसता निरीक्षणाचा मार्ग आहे असं मात्र समजू नका. तो प्रयोगातला एक सहभागी आहे. 15 पिकोन्यूटनला हेअरपिन आपोआप उघडतो याचा अर्थ बेसजोडी तोडण्याचा सगळा ऊर्जाखर्च तुम्ही चुंबकाने भरता. 10 वर त्यातला मोठा हिस्सा तुमचा असतो. टी4 विषाणूच्या जीपी41 हेलिकेजचा वेग बल वाढवलं की चांगलाच वाढतो. म्हणजे ते बेसजोडी स्वतः उघडण्यापेक्षा ती उघडण्याची वाट जास्त पाहतं. दुसरं टोकाचं उदाहरण टी7 विषाणूच्या डीएनए पॉलिमरेजचं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या कामात डीएनएवरचा ताण 34 पिकोन्यूटनच्या आसपास नेल्यावर ते थांबलं आणि 40 च्या पुढे उलटं फिरून धागा खाऊ लागलं. तेव्हा एकाच बलावरचा वेग हा तुमच्या एन्झाइमचा वेग म्हणून छापू नका. तीन-चार बलांवर मोजा आणि तो शून्य बलाकडे कसा जातो ते दाखवा. वेग बलाबरोबर जवळजवळ बदलतच नसेल तर ती स्वतःच मोठी बातमी आहे, कारण एन्झाइम धागे फोडायला सक्रिय जोर लावतं असा त्याचा अर्थ निघतो.

यंत्रावर एवढं पुरे. खरं सांगायचं तर या कामात बहुतेक कष्ट यंत्रावर पडत नाहीत. ते डीएनए आणि काच यांच्यावर पडतात, आणि नेमकं हेच शोधनिबंधांच्या पद्धतींच्या भागात दोन ओळींत उरकलेलं असतं.

डीएनए बांधताना कोणत्या टोकाला काय लावायचं ते आधी कागदावर काढा. काचेच्या बाजूला डिगॉक्सिजेनिन आणि काचेवर त्याची प्रतिपिंडं, मण्याच्या बाजूला बायोटिन आणि मण्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन ही जुनी जोडी अजूनही उत्तम आहे. हेअरपिनसाठी पीळ धरून ठेवायची गरज नाही, त्यामुळे एकेक बंधही चालेल. पिळाचा प्रयोग असेल तर मात्र दोन्ही टोकांना काही शे बेसजोड्यांचे तुकडे हवेत, त्यांच्या दोन्ही धाग्यांवर अनेक बायोटिन किंवा डिगॉक्सिजेनिन हवेत आणि डीएनएत एकही निक, म्हणजे दोनपैकी एका धाग्यातली चीर, चालणार नाही. निक कुठून येतात? जेलमधून तुकडा कापताना अतिनील दिव्याखाली रेंगाळण्याने डीएनए खराब होतो, आणि वारंवार गोठवण्या-वितळवण्यानेही होतो. निळ्या प्रकाशाचा दिवा वापरा आणि डीएनए लहान भागांत वाटून ठेवा. लॅम्डा विषाणूच्या 48,502 बेसजोड्यांच्या, साडेसोळा मायक्रोमीटर लांबीच्या डीएनएबरोबर काम करत असाल तर पिपेटचं टोक रुंद हवं. अरुंद टोकातून जोराने ओढला की तो चिरतो.

तुमच्या हेलिकेजला चढायला एकपेडी शेपूट लागत असेल, तर ती कोणत्या दिशेची हे जेलवरच्या प्रयोगातून तुम्हाला माहीत असेल. हेअरपिनच्या पायथ्याशी योग्य दिशेची शेपूट द्या आणि उलट्या दिशेच्या शेपटीचा दुसरा डीएनएही बनवून ठेवा. त्या दुसऱ्यावर काहीच घडलं नाही तर तुमचा दावा एकदम पक्का होतो.

काचेचं काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. काचेला काही चिकटू नये म्हणून पीईजी या बहुलकाचा थर, त्यावर केसीन किंवा बीएसए यांपैकी एक प्रथिन, आणि मग परीक्षा. डीएनए न लावता एन्झाइम सोडा आणि किती चिकटतं ते पाहा. मणी काचेला चिकटत असतील तर सगळ्या लांब्या चुकीच्या येतील. आणखी एका गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात. पिकोमोलर पातळीवर प्रथिनाचा मोठा भाग नळीच्या आणि पिपेटच्या भिंतींवर बसून जातो. नळीवर लिहिलेली मात्रा आणि कक्षातली मात्रा यांत मग मेळ राहत नाही. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा, विरळ करायच्या बफरमध्ये आधीच बीएसए घाला आणि विरळ केलेलं द्रावण तासन् तास ठेवू नका.

रंग वापरणार असाल तर प्राणवायू काढून टाकणारं मिश्रण लागेल. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज यांची जोडी स्वस्त आणि चांगली आहे, पण तिच्यातून ग्लुकोनिक आम्ल तयार होतं आणि बफर कमजोर असेल तर पीएच हळूहळू घसरतो. संध्याकाळचे वेग सकाळपेक्षा कमी येत असतील तर आधी इथे पाहा. विकतच्या कॅटलेजमध्ये न्यूक्लिएजचा, म्हणजे डीएनए कापणाऱ्या एन्झाइमचा, अंश असू शकतो. संपूर्ण मिश्रणात मॅग्नेशियमसह डीएनए काही तास ठेवून जेलवर चालवा. ही परीक्षा एका दुपारची असते आणि पुढचे कितीतरी दिवस वाचवते. डीएनए रंगवायला योयो-1 वापरत असाल तर तो डीएनएची लांबी वाढवतो, एन्झाइमच्या वाटेत बसतो आणि लेझरखाली धागे तोडतो, हे सगळं गृहीत धरा. शक्य तिथे डीएनए रंगवू नका.

नोंद सुरू करण्याआधी प्रत्येक मण्याची ओळख पटवा. चुंबक दोन्ही दिशांना फिरवा. पीळ धरणारा एकटा डीएनए कमी बलाला, साधारण अर्ध्या पिकोन्यूटनच्या खाली, दोन्ही बाजूंना सारखाच आखूड होतो. निक असलेला डीएनए लांबी बदलतच नाही. तुमचा हेअरपिनही तसाच वागला पाहिजे. एका मण्याला दोन डीएनए बांधले गेले असतील तर चुंबकाचा एक फेरा पूर्ण व्हायच्या आत ते एकमेकांवर चढतात आणि लांबी ठळक घटते. असे मणी तिथल्या तिथे वगळा आणि वगळण्याचा निकष आधीच लिहून ठेवा. मग बल 15 च्या पुढे नेऊन हेअरपिन एकदा यांत्रिकपणे उघडा. अपेक्षित लांबी पूर्ण भरली तर डीएनए बरोबर आहे, आणि नॅनोमीटर ते बेसजोड्या हे रूपांतर त्याच मण्यासाठी जागेवरच मिळतं. बल ठरवायला मण्याचं आडवं थरथरणं पुरेसं असतं. उष्णतेची ऊर्जा खोलीच्या तापमानाला 4.1 पिकोन्यूटन-नॅनोमीटर असते. तिला डीएनएच्या लांबीने गुणायचं आणि थरथरण्याच्या वर्गाच्या सरासरीने भागायचं, की बल मिळतं. काचेला घट्ट चिकटलेला एक मणी दृश्यात कायम ठेवा. यंत्राची सरक तोच दाखवतो आणि ती वजा करावीच लागते.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दिसणारं काम एकाच एन्झाइमचं आहे हे दाखवण्याचा एकच रामबाण पुरावा नाही, पण तीन-चार पुरावे मिळून खटला उभा राहतो. पहिला पुरावा विरळपणाचा. एन्झाइम इतकं विरळ करा की ठरावीक वेळेत फार थोड्या डीएनएंवर घटना घडेल. समजा त्या वेळेत 30 टक्के डीएनएंवर काम दिसलं. एन्झाइम स्वतंत्रपणे, यादृच्छिक येत असतील तर पॉयसन वितरणाने दोन किंवा अधिक एन्झाइम आलेले डीएनए सुमारे 5 टक्के निघतात. म्हणजे काम दिसलेल्यांपैकी सहावा हिस्सा मिश्र आहे. तेच प्रमाण 10 टक्क्यांवर आणलं तर मिश्र घटना काम दिसलेल्यांच्या सुमारे 5 टक्क्यांवर येतात. मी 10 टक्क्यांच्या आसपास राहतो. घटनांची वाट पाहावी लागते, पण मागाहून कोणी शंका काढली तर आकडा हातात असतो.

दुसरा पुरावा मात्रेचा. एन्झाइमची मात्रा दुप्पट केल्यावर घटना दुप्पट वारंवार यायला हव्यात, पण एका घटनेतला वेग आणि एका दमातली लांबी तशीच राहायला हवी. मात्रेबरोबर एका दमातली लांबी वाढत गेली तर एकामागून एक एन्झाइम येऊन काम पुढे नेत आहेत, अशी शंका घ्या. घटनांची वारंवारता मात्रेच्या वर्गाने वाढली तर काम करणारं रूप जोडीचं असण्याची शक्यता मोठी. बरीच हेलिकेज सहा उपएककांच्या, म्हणजे सहा प्रथिनसाखळ्यांच्या, कड्यात काम करतात. तेव्हा ‘एक एन्झाइम’ म्हणजे नक्की किती साखळ्या, हे आधी ठरवा. रंग लावलेलं प्रथिन असेल तर रंग विझण्याच्या पायऱ्या मोजून ते तपासता येतं. पण प्रत्येक साखळीला रंग लागलेला नसतो हे हिशेबात धरा.

तिसरा पुरावा नियंत्रणांचा: एटीपीशिवाय (हे एन्झाइमचं इंधन), मॅग्नेशियमशिवाय आणि एटीपी बांधणाऱ्या जागेतला लायसिन बदलून निकामी केलेल्या एन्झाइमसह. या तिसऱ्या नियंत्रणावर माझा फार भर असतो. शुद्धीकरणात तुमच्या एन्झाइमबरोबर जीवाणूचं एखादं मूळ हेलिकेज अगदी अल्प प्रमाणात आलं असेल, तर जेलवर ते दिसणारही नाही. एकेका रेणूच्या प्रयोगात मात्र तेवढंच पुरेसं असतं, कारण तिथे एका रेणूचं कामही पूर्ण घटना म्हणून नोंदतं. निकामी एन्झाइम अगदी त्याच पद्धतीने, त्याच स्तंभांतून शुद्ध केलेलं हवं. तरच ते परक्याला पकडून देईल.

आता वेगांतला फरक. सरासरी काढून टाकू नका. एवढे कष्ट आपण करतो ते याच फरकासाठी. सरासरी जेलवरही मिळत होती. पण फरक खरा आहे असं म्हणण्याआधी यंत्राला त्यातला त्याचा वाटा द्यावा लागतो. मण्यामण्यांत चुंबकत्व थोडं कमीजास्त असतं, म्हणून बल वेगळं आणि बलावर अवलंबून असलेला वेगही वेगळा. तापमान दिवसभरात सरकतं. उतार मोजताना मधले छोटे थांबे आत मिसळले तर वेग कमी भासतो. थांबे वेगळे काढा आणि नुसत्या धावेचा वेग मोजा. डीएनएचा क्रमही वेग बदलतो. जी-सी जोड्यांनी भरलेल्या पट्ट्यात बरीच हेलिकेज अडखळतात. अडखळण्याच्या जागा घटनेमागून घटनेत त्याच येत असतील तर तो क्रमाचा परिणाम आहे आणि तो गोंगाट तर मुळीच नाही.

किती घटना हव्यात हेही इथेच येतं. घटना एकाच यादृच्छिक टप्प्याने संपत असेल तर तिच्या कालावधीचं वितरण घातांकी येतं, आणि त्याच्या सरासरीतली सापेक्ष त्रुटी एक भागिले घटनांच्या संख्येचं वर्गमूळ इतकी असते. म्हणजे 100 घटनांना 10 टक्के, 400 घटनांना 5 टक्के. वितरणात दोन वेगवेगळे गट आहेत असा दावा करायचा असेल तर 100 पुरणार नाहीत. अपूर्ण घटना वगळू नका. चित्रण संपलं म्हणून तुटलेल्या किंवा हेअरपिन संपला म्हणून थांबलेल्या घटनाही माहिती देतात. ‘निदान इतका तरी काळ’ असं धरून त्या गणितात घ्याव्या लागतात. त्या वगळल्या तर लांब पल्ल्याचे एन्झाइम गळतात आणि उत्तर कमी येतं. कालावधींचे स्तंभालेख काढून त्यांना वक्र बसवण्यापेक्षा थेट घटनांवर महत्तम संभाव्यतेची पद्धत वापरा. स्तंभांची रुंदी बदलली की उत्तर बदलतं, ही कटकट तिथे उरत नाही. वितरणाचा आकारही बोलतो. कालावधी शून्याकडून चढून मग उतरत असतील तर आत एकापेक्षा जास्त टप्पे दडलेले आहेत. सारख्याच गतीचे टप्पे असतील तर विचलनाचा वर्ग भागिले सरासरीचा वर्ग एक भागिले टप्प्यांची संख्या इतका येतो.

एवढं करूनही फरक उरला तर तो एन्झाइमचा स्वतःचा असू शकतो. याचं सर्वांत खणखणीत उदाहरण आरईसीबीसीडीचं. जीवाणूत तुटलेल्या डीएनएच्या टोकापासून धागे सोडवणारं हे एन्झाइम 37 अंशांना सेकंदाला हजाराच्या आसपास बेसजोड्या सोडवतं. 2001 साली कोवाल्चिकोव्स्की आणि बास्किन यांच्या गटांनी प्रकाशचिमट्यात धरलेल्या एकेका डीएनएवर ते पाहिलं. ‘काय’ (χ) नावाच्या, डीएनएतल्या आठ अक्षरांच्या खुणेपाशी ते थांबतं आणि पुढे साधारण निम्म्या वेगाने जातं, हे 2003 साली दिसलं. पण एक गोष्ट खटकत राहिली होती. प्रत्येक एन्झाइम आपल्या ठरलेल्या वेगाने शेवटपर्यंत जायचं आणि शेजारचं तितक्याच ठामपणे वेगळ्या वेगाने. 2013 साली लिऊ, बास्किन आणि कोवाल्चिकोव्स्की यांनी चालत्या एन्झाइमचं इंधन, म्हणजे मॅग्नेशियमसह एटीपी, मध्येच काढून घेतलं, थोड्या वेळाने परत दिलं आणि तेच एन्झाइम पुन्हा चालू होताना पाहिलं. त्यांतली बरीच नव्याच वेगाने निघाली. म्हणजे मंद एन्झाइम मोडकी किंवा अर्धवट घडी पडलेली नव्हती. एकाच प्रथिनाची अनेक रूपं होती. चालू असताना ती अदलाबदल फार मंद होती आणि थांबल्यावर मोकळी होत होती. हा निष्कर्ष कुठल्याही जेलवरून कधीच निघाला नसता.

तुमच्या हेअरपिनवर याची पहिली फेरी फार सोपी आहे, आणि मघाशी ज्या सोयीचा उल्लेख केला ती इथे कामाला येते. एकाच डीएनएवर एकामागून एक घटना घडतात आणि एन्झाइम विरळ असल्यामुळे दर वेळी येणारा रेणू वेगळा असतो. तुमचे वेग डीएनएनुसार गटांत मांडा. एका मण्यावरच्या सगळ्या घटना सारख्याच वेगाच्या आणि दुसऱ्या मण्यावरच्या सगळ्या वेगळ्या, असं दिसलं तर फरक बलाचा किंवा डीएनएचा आहे. एन्झाइमबद्दल त्यावरून काहीही बोलता येणार नाही. एकाच मण्यावर घटनेमागून घटनेचा वेग बदलत असेल तर यंत्र आणि डीएनए दोन्ही निर्दोष ठरतात. मग प्रत्येक घटनेच्या पहिल्या अर्ध्या भागाचा वेग आडव्या अक्षावर आणि दुसऱ्या अर्ध्याचा उभ्या अक्षावर मांडा. दोन्ही भागांत क्रम वेगळा असतो, म्हणून आधी प्रत्येक अर्ध्याच्या वेगाला त्याच जागेवरच्या सगळ्या घटनांच्या सरासरीने भागा. ठिपके कर्णाच्या बाजूने पसरले तर प्रत्येक एन्झाइम आपला वेग घटनाभर जपतं. ठिपक्यांचा गोल पुंजका झाला तर वेग घटनेतच बदलतो आहे, आणि तो कधी बदलतो हे शोधायला लांब हेअरपिन लागेल.

इंधन काढून परत देण्याचा प्रयोग मात्र हेअरपिनवर जसाच्या तसा करू नका. एटीपी गेलं की तुमचं एन्झाइम सुटेल, हेअरपिन मिटेल आणि परत येणारं एन्झाइम तेच आहे की दुसरं हे कळणार नाही. आधी एटीपी नुसतं कमी करून पाहा. ज्या पातळीला एन्झाइम धाग्यावर धरून राहतं पण जेमतेम सरकतं ती पातळी शोधा, कक्षातलं मोकळं एन्झाइम धुऊन टाका आणि मग एटीपी वाढवा. धुतल्यानंतर नवीन घटना अजिबात सुरू होत नाहीत हे त्याच कक्षातल्या रिकाम्या हेअरपिनांवर दिसलं पाहिजे. ते दिसत असेल तर एटीपी कमी करण्याआधीचा आणि पुन्हा वाढवल्यानंतरचा, एकाच रेणूचा वेग शेजारी शेजारी ठेवता येईल.